किडनीतली गाठ काढण्याआधी तिचा स्वभाव ओळखता येतो का?

मामा सोनोग्राफीला गेले ते पित्ताशयातल्या खड्यांसाठी. खडे निघालेच, पण रिपोर्टच्या खालच्या भागात आणखी एक ओळ होती: डाव्या किडनीच्या खालच्या टोकाला २.८ सेंटीमीटरची घन गाठ, सीटी करून घ्यावा. मामा ६८ वर्षांचे. वीस वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) १.६, म्हणजे थोडं जास्तच. लघवीतून रक्त नाही, कंबर दुखत नाही, जेवण व्यवस्थित. तरी चौथ्या दिवशी घरात ऑपरेशनच्या तारखेची बोलणी सुरू झाली होती.

त्या बोलण्यांत मामींनी एकच प्रश्न विचारला. "गाठ चांगली आहे की वाईट, हे कापायच्या आधी कळतच नाही का?" पहिल्या डॉक्टरांचं उत्तर होतं, काढल्यावर लॅबला पाठवू, मग कळेल. मला ते पटलं नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या, तिसऱ्या डॉक्टरांना भेटलो, रेडिओलॉजिस्टच्या स्क्रीनसमोर बसलो, मी जमेल तेवढं वाचून काढलं. मामींच्या प्रश्नाचं आजचं खरं उत्तर असं आहे: बऱ्याच गोष्टी आधी कळतात, सगळ्या नाही, आणि ज्या कळू शकतात त्या विचारून घ्यायला लहान गाठीच्या बाबतीत बहुतेक वेळा पुरेसा वेळ असतो.

## योगायोगाने सापडणारी गाठ

किडनीच्या कॅन्सरची जुन्या पुस्तकांतली तीन लक्षणं म्हणजे लघवीतून रक्त, कुशीत दुखणं आणि पोटात हाताला लागणारा गोळा. ही तिन्ही एकत्र दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असायचा. आता चित्र उलटं झालंय. सोनोग्राफी तालुक्याच्या गावी होते, हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये तर ती असतेच. त्यामुळे भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ दिसते. किडनीच्या निम्म्याहून जास्त गाठी आता अशाच सापडतात, आणि त्यातल्या बऱ्याच ४ सेंटीमीटरच्या आत असतात.

या लहान गाठींनी डॉक्टरांपुढेही पेच टाकलाय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००३ मध्ये २,७७० रुग्णांच्या ऑपरेशन करून काढलेल्या गाठींचा हिशेब मांडला. एकूण गाठींपैकी सुमारे १३ टक्के मुळात कॅन्सर नव्हत्याच. १ सेंटीमीटरहून लहान गाठींत हे प्रमाण ४६ टक्के निघालं, तर ७ सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या गाठींत फक्त ६ टक्के. म्हणजे गाठ जितकी लहान तितकी ती निरुपद्रवी असण्याची शक्यता जास्त. आणि हे सगळं कळलं कधी, तर गाठ बाटलीत भरून लॅबमध्ये गेल्यावर.

## 'गाठ' म्हणजे एकच आजार नव्हे

गाठीबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात आणि घरच्यांच्या बोलण्यात ते एकमेकांत मिसळून जातात.

पहिला, जात कोणती? किडनीच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळते ती क्लिअर सेल ही जात, चारातल्या तीन रुग्णांत तीच. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी आतून रिकाम्या, स्वच्छ दिसतात, म्हणून हे नाव. पसरण्याची ओढ हिच्यात जास्त. त्यानंतर पॅपिलरी, ती बरीच कमी. मग क्रोमोफोब, वीसात एखादी, आणि बहुतेक वेळा सौम्य वागणारी. या तिघींशिवाय कॅन्सर नसलेल्या दोन जाती आहेत. एक ऑन्कोसायटोमा, दुसरी चरबी, रक्तवाहिन्या आणि स्नायू यांची मिळून झालेली अँजिओमायोलायपोमा.

दुसरा प्रश्न ग्रेडचा. पेशीच्या केंद्रकात एक ठिपका असतो. तो जितका ठळक दिसेल तितका ग्रेड वरचा, १ ते ४. चौथ्या ग्रेडच्या पेशींचं तर मूळ रूपच ओळखू येत नाही. ग्रेड म्हणजे गाठीचा तापटपणा.

तिसरा पसाऱ्याचा, ज्याला स्टेज म्हणतात. ४ सेंटीमीटरपर्यंत आणि किडनीच्या आतच असेल तर सर्वांत खालची पायरी. ७ च्या पुढे गेली, मोठ्या शिरेत किंवा भोवतालच्या चरबीत शिरली, की वरच्या पायऱ्या.

आक्रमक गाठ म्हणतात तेव्हा या तिन्हींचा मिळून अर्थ घ्यायचा असतो. स्कॅनला पसारा चांगला दिसतो, जात बऱ्यापैकी ओळखू येते आणि ग्रेडवर मात्र तो अजून चाचपडतो. पुढचा सगळा लेख या एका वाक्याचा विस्तार आहे.

## सीटीवरचे आकडे

आमच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी अंधाऱ्या खोलीत आम्हाला स्क्रीनसमोर बसवलं आणि माउसने मामांच्या गाठीवर एक छोटं वर्तुळ काढलं. कोपऱ्यात आकडा उमटला: ३४. तोपर्यंत सीटी म्हणजे फोटो असं मी समजत होतो. खरं तर तो आकड्यांचा तक्ता असतो, आणि फोटो त्या आकड्यांवरून रंगवलेला.

या आकड्यांना हाउन्सफिल्ड एकक म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला, आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. पट्टी सोपी आहे. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, हाड शेकड्यांत किंवा त्याहून वर. या पट्टीमुळे एक निदान जवळजवळ फुकटात होतं: घन गाठीत उणे आकडे आले, म्हणजे आत चरबी आहे. मग ती बहुधा अँजिओमायोलायपोमा, आणि ती कॅन्सर नव्हे. अडचण एवढीच की काही अँजिओमायोलायपोमांत चरबी इतकी कमी असते की आकडा उणे येत नाही, आणि त्या कॅन्सरसारख्याच दिसतात.

पाण्याने भरलेल्या गाठींची गोष्ट वेगळी. पन्नाशीनंतर किडनीत पाण्याचे फुगे सर्रास सापडतात. साधा, पातळ भिंतीचा फुगा दिसला तर घाबरायचं कारण नाही. भिंत जाड असेल, आत पडदे असतील, घन भाग असेल, तर संशय वाढतो. न्यूयॉर्कच्या मॉर्टन बॉस्नियाक यांनी १९८६ मध्ये याची जी प्रतवारी केली तीच सुधारून आजही वापरतात. रिपोर्टमध्ये 'बॉस्नियाक १' किंवा '२' दिसलं तर निश्चिंत व्हा. '४' दिसलं तर कॅन्सरची शक्यता मोठी.

## कालव्याला पाणी सुटतं तेव्हा

खरी माहिती मिळते ती कॉन्ट्रास्टने. कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून दिलेलं आयोडिनचं औषध, जे सीटीवर पांढरं उठून दिसतं.

कालव्याला आवर्तन सुटलं की कोणतं शेत कसं भिजतं हे शेतकऱ्याला जमीन न उकरता कळतं. मुरमाड रानात पाणी झपाट्याने शिरतं आणि तितक्याच लवकर निचरून जातं. चिकण मातीत ते हळूहळू मुरतं. कॉन्ट्रास्टचं तसंच आहे. औषध दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक चित्र, दीड मिनिटाच्या सुमारास दुसरं, काही मिनिटांनी तिसरं. औषधाआधीचं एक धरून चार. प्रत्येक चित्राला फेज म्हणतात.

क्लिअर सेल गाठ रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. पहिल्या फेजमध्ये ती झगझगते आणि मग उतरते. पॅपिलरी जेमतेम उजळते, क्रोमोफोब मधेच कुठेतरी. औषधाआधी आणि नंतरच्या आकड्यांत २० हून जास्त फरक पडला तर गाठीत रक्तपुरवठा नक्की आहे असं धरतात. १० च्या आत असेल तर नाही. मामांचा आकडा ३४ वरून ५० वर गेला. फरक १६, म्हणजे नेमका मधला, संशयाचा.

ही गोष्ट आम्हाला दुसऱ्या ठिकाणी कळली. पहिल्या ठिकाणी क्रिएटिनिन पाहून बिना-कॉन्ट्रास्ट सीटी केला होता आणि त्यावरच ऑपरेशन ठरवलं होतं. किडनी थोडी अशक्त असली तरी काळजी घेऊन कॉन्ट्रास्ट देता येतो, नाहीतर एमआरआयचा मार्ग असतो. गाठीचा रक्तपुरवठाच न पाहता तिच्यावर निर्णय घेणं मला आजही चुकीचं वाटतं. सीटीला जाण्याआधी एवढं जरूर विचारा: कॉन्ट्रास्ट देणार का, आणि किती फेज घेणार?

तापटपणाच्या काही खुणाही सीटीवर दिसतात. गाठीची कड अस्पष्ट आणि किडनीत मुळं पसरल्यासारखी असणं, मधला भाग रक्त न पुरून मेलेला असणं, किडनीच्या शिरेत गाठीचं शेपूट शिरलेलं असणं. या खुणा दिसल्या तर थांबायचं नसतं. पण लहान गाठीत त्या बहुधा दिसतच नाहीत. न दिसणं म्हणजे गाठ सौम्यच आहे असंही नाही, आणि पेच तिथेच आहे.

## बिघडलेला बॉलकॉक

क्लिअर सेल गाठीत एवढं रक्त येतं कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण नव्या स्कॅनची किल्ली तिथेच आहे.

गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद करतो. पेशीतही ऑक्सिजनसाठी अशीच व्यवस्था आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी धोक्याची हाक देते: नव्या रक्तवाहिन्या वाढवा. पुरेसा झाला की व्हीएचएल नावाचं प्रथिन ती हाक बंद करतं. क्लिअर सेल कॅन्सरमध्ये बहुधा व्हीएचएलचं जनुकच बिघडलेलं असतं. टाकी ओसंडून वाहते, तरी पाणी येतच राहतं. ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या मागवत राहते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

या खोट्या हाकेमुळे पेशीच्या बाहेरच्या अंगावर एक प्रथिन भरपूर उगवतं. त्याचं छोटं नाव सीए-नाइन. निरोगी किडनीत ते जवळपास नसतंच. शास्त्रज्ञांनी त्याला बरोबर चिकटणारी एक अँटिबॉडी घेतली, तिला झिर्कोनियमचा किरणोत्सारी कण जोडला आणि रुग्णाला टोचली. अँटिबॉडी हळू फिरते, म्हणून पेट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी कण शरीरात कुठे जमलेत ते दाखवणारा स्कॅन, पाचेक दिवसांनी करतात. जिथे चमक, तिथे बहुधा क्लिअर सेल. झिरकॉन नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या चाचणीत ३०० रुग्ण होते, गाठी ७ सेंटीमीटरपर्यंतच्या. क्लिअर सेल असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के स्कॅनने पकडले, आणि नसलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना 'नाही' असं बरोबर सांगितलं. सुई न लावता जात ओळखण्यात हा आकडा मोठा आहे. पण हा स्कॅन अजून गल्लीतल्या सेंटरला मिळणारा नाही. आणि जातीवर तो बोलतो, ग्रेडवर नाही.

नेहमीचा पेट स्कॅन, जो इतर कॅन्सरसाठी आपल्याकडे सगळीकडे होतो, तो का नको, असं मलाही वाटलं होतं. त्यात वापरलेली साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी सगळीच उजळते. शिवाय किडनीच्या सगळ्या गाठी ती साखर सारखी ओढून घेत नाहीत. शरीरात इतरत्र पसरलाय का हे पाहायला तो कधी कामी येतो. किडनीतल्या छोट्या गाठीचा स्वभाव त्यावरून सहसा कळत नाही.

## निरुपद्रवी गाठ ओळखणारा हृदयाचा स्कॅन

ऑन्कोसायटोमा ही फसवी गाठ. सीटीवर ती कॅन्सरसारखीच उजळते, म्हणून आजवर कितीतरी जणांच्या किडन्या तिच्यापायी गेल्या. पण तिची एक खोड आहे. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियाने, म्हणजे पेशीतल्या वीजघरांनी, ठासून भरलेल्या असतात.

सेस्टामिबी हे किरणोत्सारी औषध मायटोकॉन्ड्रियाच्या ओढीने पेशीत जाऊन बसतं. हृदयाच्या तपासणीत वर्षानुवर्षं वापरलं जातं, ज्याला मिबी स्कॅन म्हणतात तेच. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये ते किडनीच्या ५० रुग्णांत वापरून पाहिलं. ६ ऑन्कोसायटोमांपैकी ५ चमकल्या. कॅन्सरच्या गाठी जवळपास सगळ्या थंड राहिल्या. मला या स्कॅनचं विशेष वाटतं, कारण त्याला नवं यंत्र लागत नाही. जिथे हृदयाचा मिबी होतो तिथे हाही होऊ शकतो. चमकणाऱ्या गाठींत अधूनमधून एखादी क्रोमोफोब निघते, पण तीही सहसा मवाळच.

## एमआरआय काय सांगतो?

मामांच्या बाबतीत निर्णय फिरला तो एमआरआयवर. सीटी एकच गोष्ट मोजतो, क्ष-किरण किती अडले. एमआरआय तीच गाठ चार-पाच तऱ्हांनी बघतो: पाण्याचं प्रमाण, चरबीचे सूक्ष्म कण, पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात, रक्त किती वेगाने येतं. क्लिअर सेल गाठ एका विशिष्ट चित्रात सहसा उजळ दिसते, पॅपिलरी काळपट. या खुणा जोडून डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्न केंद्रातल्या डॉक्टरांनी १ ते ५ गुणांची पद्धत बसवली. १-२ म्हणजे क्लिअर सेल असण्याची शक्यता कमी, ४-५ म्हणजे जास्त, ३ म्हणजे सांगता येत नाही. मामांची गाठ काळपट होती, कॉन्ट्रास्ट सावकाश आणि थोडाच घेत होती. बाई म्हणाल्या, "ही क्लिअर सेलसारखी वागत नाहीये. पॅपिलरी असावी."

'असावी' हा शब्द मामींनी लगेच पकडला. तो प्रामाणिक शब्द होता.

## विरजण किती जोरात लागतंय?

ग्रेडचा अंदाज घेऊ पाहणारं एक तंत्र अजून संशोधनातच आहे. तरी ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ते गाठीच्या दिसण्यावर जात नाही, तिचं पोट कसं चालतं ते बघतं.

निरोगी पेशी साखर ऑक्सिजनसोबत नीट जाळते. आक्रमक कॅन्सर पेशी ऑक्सिजन असूनही साखर आंबवते आणि लॅक्टिक आम्ल बनवते, दह्यात असतं तेच. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने हे १९२० च्या दशकात पाहिलं होतं. दूध किती लवकर दही होतंय यावरून विरजणाचा जोर कळतो. तसंच पायरुव्हेट हा साखरेतून बनणारा पदार्थ गाठीत किती वेगाने लॅक्टेट होतोय हे मोजलं तर गाठीचा जोर कळावा, अशी ही कल्पना.

साध्या एमआरआयला हे दिसत नाही. म्हणून खास कार्बन अणू घातलेलं पायरुव्हेट अतिथंड चुंबकात तयार करतात, ज्याने त्याचा सिग्नल दहा हजार पटींहून जास्त वाढतो. मग ते वितळवून लगेच शिरेतून देतात. सिग्नल एक-दोन मिनिटांत विझतो, तेवढ्यात चित्र घ्यावं लागतं. सान फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने माणसांवरचा पहिला अभ्यास प्रोस्टेटच्या ३१ रुग्णांत केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर तिथे आणि इंग्लंडमध्ये केंब्रिजला किडनीच्या गाठींवरही काम सुरू झालं. वरच्या ग्रेडच्या गाठींत हे रूपांतर जास्त होतं असं सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत दिसलं. रुग्ण अजून मोजके आहेत. पण मामींच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं तंत्र मला हेच वाटतं.

संगणकाबद्दल थोडक्यात. गाठीच्या चित्रातले डोळ्याला न दिसणारे शेकडो बारकावे मोजून ग्रेड सांगायचे बरेच प्रयत्न चालू आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ३०० रुग्णांचे सीटी घेऊन एक खुली स्पर्धाही झाली, गाठीची सीमा संगणकाने अचूक आखावी म्हणून. सीमा आखणं आता छान जमतं. स्वभाव सांगणं एका हॉस्पिटलच्या चित्रांवर जमतं आणि दुसऱ्या मशीनची चित्रं दिली की गडबडतं. तो प्रश्न सुटेपर्यंत एखाद्या ॲपने दिलेल्या ग्रेडवर मी तरी ऑपरेशन ठरवणार नाही.

## मग सरळ सुई टोचून बघितलं तर?

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि लगोलग दुसरा: गाठीला सुई लावली की ती चवताळते ना? आपल्याकडे ही भीती इतकी खोल आहे की डॉक्टरही बायोप्सीचं नाव काढताना चाचरतात. किडनीच्या बाबतीत गाठ सुईच्या वाटेने पसरल्याच्या नोंदी आहेत, पण अतिशय विरळ. बाहेर एक नळी ठेवून तिच्या आतून सुई आत-बाहेर करतात, त्यामुळे सुई वाटेतल्या पेशींना शिवत नाही. पाच हजारांहून जास्त रुग्णांचे ५७ अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये जो आढावा घेतला गेला, त्यात ९२ टक्के वेळा बायोप्सीतून निदान झालं, आणि कॅन्सर आहे की नाही हे जवळजवळ अचूक कळलं. त्रास झालाच तर बहुधा थोडा रक्तस्राव, आपोआप थांबणारा.

पण ग्रेडच्या बाबतीत बायोप्सीही कमी पडते. शितावरून भाताची परीक्षा करतो तेव्हा सगळी शितं सारखी शिजली असतील हे आपण गृहीत धरलेलं असतं. किडनीच्या गाठीत ते खरं नसतं. लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये एकाच गाठीचे वेगवेगळे तुकडे घेऊन जनुकं तपासली, तेव्हा ६० टक्क्यांहून जास्त बदल सगळ्या तुकड्यांत सारखे सापडलेच नाहीत. एका कोपऱ्यात सौम्य पेशी, दुसऱ्या कोपऱ्यात तापट. म्हणून सुईने सांगितलेला ग्रेड आणि पूर्ण गाठ काढल्यावरचा ग्रेड साधारण पाचातल्या तीन वेळाच जुळतो. इथे स्कॅनचं मोल कळतं. तो अख्खं पातेलं बघतो, जरी प्रत्येक शीत चाखू शकत नसला तरी. दोघांची सांगड घातली, म्हणजे स्कॅनवर जिथे संशय जास्त तिथूनच सुई घातली, तर दोघांच्याही उणिवा कमी होतात.

## एक किडनी काढली तरी चालतं की!

चालतं. किडनी दान करणारे एका किडनीवर उत्तम जगतात. पण दाता निवडताना त्याची तब्येत पारखून घेतलेली असते. मधुमेह, रक्तदाब, साठी उलटलेली, अशा माणसाची किडनी आधीच थकलेली असते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग केंद्राने २००६ मध्ये ६६२ रुग्ण पाहिले. गाठ लहान होती आणि रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं होतं. फक्त गाठ काढलेल्यांपैकी ८० टक्के लोकांची किडनी ३ वर्षांनी ठीक होती. अख्खी किडनी काढलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के. मामांचं क्रिएटिनिन तर आधीच वर होतं. कॅन्सरच्या भीतीने डायलिसिसच्या दिशेने चालत जाणं हाही धोकाच आहे, फक्त तो हळू येतो म्हणून नजरेआड राहतो.

## थांबलो आणि पसरली तर?

या प्रश्नाने रात्री झोप लागत नाही, आणि लागू नये हे साहजिक आहे. लक्ष ठेवून थांबलेल्या ८८० रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०१२ मध्ये आला. गाठी सरासरी वर्षाला ३ मिलिमीटर वाढल्या, बाजरीच्या दाण्याएवढ्या. काही अजिबात वाढल्या नाहीत. १८ रुग्णांत कॅन्सर पसरला, सुमारे २ टक्के. हा आकडा शून्य नाही आणि कोणी तुम्हाला शून्य सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण वयस्क, इतर आजार असलेल्या माणसात भूल आणि ऑपरेशनचा धोका त्याच्याशी तोलायचा असतो.

थांबणं सगळ्यांसाठी नाही. तरुण, धडधाकट माणसात लहान क्लिअर सेल गाठ असेल तर किडनी वाचवून गाठ काढणं हाच सहसा योग्य रस्ता. घरात अनेकांना किडनीच्या गाठी झाल्या असतील तर जनुकीय आजाराचा विचार करावा लागतो. व्हीएचएल जनुकातला बिघाड वारशाने आलेल्यांत सर्वांत मोठी गाठ ३ सेंटीमीटर होईपर्यंत थांबतात, कारण पुन्हा पुन्हा गाठी येणार असतात आणि किडनी पुरवायची असते. उलट, फ्युमरेट हायड्रेटेज या जनुकातल्या बिघाडाने आलेली गाठ लहान असतानाच पसरते. तिथे एक दिवसही वाट पाहू नये. सारख्याच आकाराच्या दोन गाठींना इतकी वेगळी वागणूक द्यावी लागते, आणि म्हणूनच सेंटीमीटर मोजून भागत नाही.

## मामांची फाईल

एमआरआयनंतर मामांची बायोप्सी झाली. सकाळी भरती, संध्याकाळी घरी, दोन दिवस पाठीला हलकासा ठणका. रिपोर्ट आला: पॅपिलरी, खालचा ग्रेड. सर्जन, किडनीचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट बाई यांनी एकत्र बसून ठरवलं की मामांनी थांबायचं, लक्ष ठेवायचं. गाठ ४ सेंटीमीटरकडे सरकली किंवा वाढीचा वेग बदलला तर काढायची, आणि तेव्हाही शक्यतो गाठच, किडनी नाही.

बाईंनी जाताना दोन गोष्टी बजावल्या. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करायचा, कारण सोनोग्राफीतले ३ सेंटीमीटर आणि एमआरआयमधले ३ सेंटीमीटर यांची तुलना होत नाही. आणि प्रत्येक वेळी कागदी रिपोर्टबरोबर जुनी सीडी न्यायची, कारण रिपोर्टमध्ये लिहिणाऱ्याचं मत असतं, चित्र सीडीत असतं.

मामींनी त्यासाठी शाळेच्या दप्तरासारखी एक पिशवी केली आहे. प्रत्येक सीडीवर स्केचपेनने तारीख आणि माप. पहिलीवर २.८. परवाची सीडी मी पाहिली, तिच्यावर ३.० लिहिलंय, आणि त्याखाली बारीक अक्षरात: पुढचा एमआरआय संक्रांतीनंतर.